मागच्याने फाटक लावायचं

बोलावणं आलं तेव्हा केझिया पेल मागच्या अंगणात चादर पिळत होती. नोव्हेंबरच्या उन्हात काही दम नव्हता, पण सोमवार म्हणजे धुणं, मग ऊन असो वा नसो. गल्लीच्या तोंडाशी जमीनदारांच्या मोठ्या घरची बग्गी थांबली आणि तिच्यातून ब्रॅडॉकबाई स्वतः उतरल्या. त्या तिकडच्या सगळ्या मोलकरणींवरच्या मुख्य. या गल्लीतल्या चिखलात त्यांनी आजवर पाय घातला नव्हता.

सरकार जेवत नाहीत, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. आफ्रिकेहून आणलं तेव्हाच अंगावर मांस उरलं नव्हतं, पण आता ताप उतरलाय, आतडी बरी झालीत, लंडनचा डॉक्टर म्हणतो दुखणं असं राहिलेलंच नाही. तरी ताट जसं वर जातं तसं खाली येतं. मटणाचं पाणी, अंड्याचं कस्टर्ड, सगळं. हे असंच चाललं तर नाताळ दिसायचा नाही, असं डॉक्टरने बाईसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलंय.

"मग मी काय करू?" केझियाने विचारलं.

"मीही तेच म्हटलं. पण बाईसाहेबांनी धरून ठेवलंय. तान्हे असताना तुझ्याशिवाय कुणाचं घेत नव्हते म्हणे. आता काय अंगावर पिणार आहेत का? पण त्यांना सांगणार कोण. एप्रन तेवढा बदल, बाई."

केझियाने एप्रन बदलला. खरं तर सरकारांना स्टेशनवरून झोळीतून आणलं त्या दिवसापासून ती या बोलावण्याची वाट बघत होती. कारण तिचं वेगळं होतं. तिचा रूबेन त्यांच्याबरोबर गेला होता आणि परत आला नव्हता. आपल्या धन्याला वाचवताना गेला, असं पाद्र्याने चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गावातल्या बायका तेव्हापासून तिला पुढच्या बाकावर जागा देत. पण कसा गेला, किती वेळ लागला, काही बोलला का, हे पाद्र्याला ठाऊक नव्हतं. ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो गेला की रूबचं शेवटचंही त्याच्याबरोबर जाणार होतं.

सरकारांच्या, म्हणजे ऑब्रीच्या, जन्माच्या वेळीही असंच बोलावणं आलं होतं, आणि तेव्हाही दिवस कोल्ह्याच्या शिकारीचेच होते. बाईसाहेबांना लवकरात लवकर घोड्यावर बसायचं होतं; शिवाय त्या घरातल्या बायका आपल्या मुलांना अंगावर पाजत नसत. रूब तेव्हा सव्वा महिन्याचा होता. केझियाचा नवरा सायलस त्यांच्याच जमिनीवरची कुंपणं छाटायचा, राहतं घर त्यांचंच होतं. नाही म्हटलं तर काय होईल हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

नियम असा होता की दूध पाजणाऱ्या दाईने तिकडेच राहायचं आणि तिचं स्वतःचं मूल त्या घरात आणायचं नाही. आणलं तर दूध वाटलं जाईल. रूब सासूजवळ राहिला. सासू त्याला पिठाच्या पाण्यात साखर घालून बाटलीने पाजायची. इकडे केझियाच्या खोलीत पडदे, शेकोटी, रोज मांस, रोज बिअर, म्हणजे दूध चांगलं यावं. कुरणात एखादं कोकरू ओरडलं तरी तिला पान्हा फुटायचा. मग ती ऑब्रीला उचलायची. तो डोळे मिटून, मूठ तिच्या छातीवर ठेवून प्यायचा आणि ती त्या मुठीकडे बघत दुसरी मूठ आठवायची. पहिल्यापहिल्यांदा तिला त्याचा राग यायचा. पण तान्ह्या मुलावर किती दिवस रागावता येतं? महिन्याभराने तो दूध सोडून तिच्याकडे बघून हसला, आणि ते तिथंच संपलं.

बाटली तो थुंकून टाकायचा. म्हणून तिचं तिथलं राहणं लांबत लांबत वर्षाच्या वर गेलं. ती घरी परतली तेव्हा रूब चुलीपुढे बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आजीच्या झग्यामागे लपला. उभा राहिला तेव्हा तिला त्याचे पाय दिसले. दोन्ही गुडघे बाहेर, पिंपाच्या पट्ट्यांसारखे वाकलेले. सासू म्हणाली, बसून बसून झालेत, होतील सरळ. ते कशाने झाले होते हे दोघींनाही कळत होतं.

पाय सरळ झाले नाहीत. पुढे मोठ्या घरच्या पागेतल्या जमादाराने त्याला बघितलं आणि म्हणाला, हे पाय देवाने घोड्याच्या पोटाभोवती मोजून केलेत. तिथून रूब पागेत लागला. घोड्यावर बसला की त्याच्यासारखा दुसरा नव्हता. खाली उतरला की बदक. पळायला लागला की सगळी पागा पोट धरून हसायची. ऑब्रीही हसायचा, पण दुसरं कुणी हसलं की त्याच्या अंगावर धावून जायचा.

ऑब्रीचं लहानपण असं फार नव्हतंच. आईबाप त्याला संध्याकाळच्या चहानंतर तासभर बघत, तेही भांग पाडून, मखमलीचा कोट घालून. आठव्या वर्षी शाळेत पाठवला. आदल्या दिवशी तो एकटाच केझियाच्या घरी आला, उभ्या उभ्या चरबी लावलेला पाव खाल्ला आणि म्हणाला की रडायचं नाही असं पप्पांनी सांगितलंय. मग मोठी शाळा, मग लष्करी शाळा, मग लंडनला राणीच्या रक्षक घोडदळात छातीवरचं चिलखत चकाकवत उभं राहणं. त्याचे वडील, थोरले सरकार, एका कुंपणावरून घोड्याने उडी घेताना मान मोडून गेले तेव्हा तो नोकरी सोडून परत आला. जमीन, कुळं, शिकारी कुत्र्यांचा कळप, चर्चमधला खास बाक, सगळं त्याच्या अंगावर पडलं. वय बावीस.

त्या भागात शिकार म्हणजे धर्म, आणि त्या धर्मात एक गोष्ट कुणी मोडत नसे. दुसऱ्याच्या शेतातून घोडे घातले तर मागच्याने फाटक लावायचं. पुढचा मागच्याला ओरडून सांगतो, तो त्याच्या मागच्याला, आणि शेवटचा उतरून कडी घालतो. फाटक उघडं राहिलं की कुळाची मेंढरं बाहेर, शेजाऱ्याची गुरं आत. ऑब्री लहान असताना एकदा तट्टू दामटत फाटक उघडं टाकून आला होता. थोरल्या सरकारांनी त्याला सगळ्यांदेखत चाबकाच्या दांड्याने मारलं आणि परत पाठवलं. त्याच्याऐवजी रूब गेला. तेव्हापासून ते तसंच पडलं. ऑब्री मागे न बघता म्हणायचा, "फाटक, रूब," आणि रूब उतरायचा.

मग आफ्रिकेत बोअर लोकांशी, म्हणजे तिकडच्या डच शेतकऱ्यांशी, चाललेल्या लढाईच्या वाईट बातम्या आल्या. घोड्यावर बसता येणारे आणि बंदूक धरता येणारे लोक लष्कराला हवे होते. ऑब्रीने आपल्या कुळांची, पागेतली, कुत्र्यांमागची अशी पोरं गोळा करून तुकडी उभी केली. घोडे स्वतःचे दिले. बाईसाहेबांनी प्रत्येकासाठी लोकरीचा पोटपट्टा विणून घेतला. स्टेशनवर बँड वाजला. रूब गाडीच्या दारातून वाकून म्हणाला होता, "आई, रडू नको, बोअर लोकांकडे कुत्रे नाहीत. फार लांब धावावं लागायचं नाही."

केझिया मोठ्या घरी पोचली तेव्हा बाईसाहेब जिन्याच्या वरच्या टप्प्यावर उभ्या होत्या. त्या कधी बसून बोलत नसत. त्यांनी केझियाला सांगितलं की रूबेनच्या नावाची पितळी पाटी तयार होते आहे, आमच्या घराण्याच्या पाट्यांशेजारी लागेल, चाकराला हा मान या चर्चमध्ये आजवर मिळालेला नाही. केझियाने गुडघा वाकवून आभार मानले. मग बाईसाहेबांचा आवाज जरा खाली आला.

"तुझा मुलगा त्याच्यासाठी गेला, केझिया. ते वाया जाऊ देऊ नकोस."

खोली तीच होती, वरच्या मजल्यावरची, तान्ह्यांची. ऑब्रीनेच म्हणे तिथं न्या म्हणून हट्ट धरला होता. लोखंडी पलंगावर तो लांबच्या लांब पडला होता, गालांना खड्डे, केस विरळ, कानामागची हाडं वर आलेली. केझियाने शेकोटीजवळ दूध कोमट केलं, त्यात पाव कुस्करला, वर साखर आणि जायफळ घातलं. तिला कुणी काय करायचं ते सांगितलं नव्हतं. हात आपणहून करत गेले. वाडगा घेऊन ती काठावर बसली तसं त्याने तोंड वळवलं.

"तू यायला नको होतंस, केझी."

"बोलावल्यावर आले नाही असं कधी झालंय, सरकार?"

तिने चमचा पुढे केला. त्याचं तोंड उघडलं, सवयीने उघडावं तसं, आणि लगेच मिटलं. दूध हनुवटीवरून ओघळलं. तिने ते पुसलं.

"आधी मला सांगू दे," तो म्हणाला. "मग द्यावंसं वाटलं तर दे."

"रूबचं सांगा. त्यासाठीच आले मी. खोटं कशाला बोलू."

त्याने छताकडे बघत सांगायला सुरुवात केली. आवाज इतका बारीक होता की तिला वाकावं लागलं. ऑगस्ट संपत आला होता. तिकडे तेव्हा थंडी. बोअर लोकांच्या वाड्यावस्त्या जाळायचा हुकूम आला होता, कारण रात्री त्या घरांतून त्यांच्या माणसांना भाकरी मिळायची. ऑब्रीच्या तुकडीला एक घर नेमून दिलं होतं. घरात पुरुष नव्हता. एक बाई, एक म्हातारी आणि लेकरं. बाईला गादी बाहेर काढू दिली. ती त्या गादीवर अंगणात बसली आणि मांडीवरच्या मुलाला पाजत राहिली. छप्पर कोसळलं तरी तिने मूल छातीपासून काढलं नाही आणि ऑब्रीवरची नजरही हलवली नाही. पोरांनी मेंढरं मारली, धान्यावर रॉकेल ओतलं. काम झालं. ते निघाले. कुरणाच्या टोकाला तारेचं कुंपण होतं आणि त्यात एक लाकडी फाटक, अगदी आपल्याकडच्यासारखं. एकामागून एक घोडे बाहेर पडले.

इथं तो थांबला.

"मी म्हटलं, फाटक, रूब."

तिला आधी काही कळलंच नाही. त्यात न कळण्यासारखं काय होतं हेही कळेना.

"आत काही उरलं नव्हतं, केझी. घर आम्हीच जाळलेलं, गुरं आम्हीच मारलेली. राखायला एक कोंबडी नव्हती. तरी मी म्हटलं. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तोंडातून आलं."

"आणि तो उतरला."

"'हो सरकार,' म्हणाला आणि उतरला."

कडी पडल्याचा आवाज ऐकू आला, असं त्याने सांगितलं. कडी सैल होती, रूबने ती दोनदा बसवून बघितली. तोवर बाकीचे पुढे गेले होते आणि त्याची घोडी दहा-बारा पावलं सरकून गवत खात होती. तो तिच्याकडे पळाला.

"तुला माहीत आहे तो कसा पळायचा."

केझियाने वाडगा मांडीवर ठेवला.

"पोरं हसायला लागली. ये रे बदका, कुणीतरी ओरडलं. मीही हसलो. नेहमी हसायचो तसाच. तोही हसत होता. आणि टेकडीवरून पहिली गोळी आली. ती चुकली. दुसरी चुकली नाही. तो घोडीपर्यंत पोचला असता, केझी. चारच पावलं राहिली होती."

बाकीच्यांनी घोडे दामटले आणि ओढ्याच्या आडोशाला गेले. परत जायचं म्हणजे उघड्या माळावरून जायचं होतं. सार्जंट म्हणाला, नाही. ऑब्रीने त्याचं ऐकलं. दुपारपर्यंत रूबचा आवाज येत होता. घोडी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली होती; तिला गोळी लागेल म्हणून तो तिला सारखा जा म्हणत होता, हलक्या आवाजात, पागेत बोलतात तसं. ती गेली नाही. मग आवाज थांबला. दिवस कलल्यावर पांढरं फडकं लावून त्यांनी त्याला आणलं. मला वाचवताना गेला, हे ऑब्रीने त्याच संध्याकाळी कर्नलला सांगितलं. तेही तोंडातून आलं. मग ते सगळीकडे गेलं.

"मी वाचवायला गेलो नाही. त्याने मला वाचवलं नाही. कुणी कुणाला वाचवलं नाही. त्याने फाटक लावलं."

तो रडायला लागला. अंगात पाणी नसलेल्या माणसासारखा, आवाज न करता, तोंड वेडंवाकडं करून. आणि केझियाच्या सुकलेल्या छातीत, जिथं आता काही नव्हतं, तिथं ती जुनी कळ उठली. दुसऱ्या कुणाचं मूल रडलं तरी उठायची तीच. शरीराला लाज नसते. तिने दात आवळून ती जाऊ दिली.

मग तिची नजर पांघरुणावर गेली. त्याखाली त्याचे पाय होते, या दुखण्यातही लांब आणि सरळ, पलंगाच्या दांडीला टेकलेले. लष्करात म्हणे उंचीवरून त्याचं कौतुक व्हायचं. ते पाय तिच्या दुधाचे होते. सरळ पायांचा माणूस दोन ढांगांत घोडीवर असता. हा हिशेब तिला आजवर कुणी इतका उघड करून दाखवला नव्हता, आणि दाखवणाऱ्याला त्यातला अर्धा माहीतही नव्हता. तिला वाटलं, सांगावं त्याला. मग वाटलं, नको. हे रूबचं आणि आपलं आहे, यात त्याला घ्यायचं नाही.

वाडग्यातल्या दुधावर साय धरली होती. तिने सवयीने ती चमच्याने बाजूला केली, चमचा भरला, उचलला. हात पुढे जाईना. तिने त्या हाताकडे पाहिलं. उठून निघून गेलं तर कुणी काही विचारणार नव्हतं. बिचारीने प्रयत्न केला म्हणाले असते. नाताळपर्यंत सगळं आटपलं असतं, आणि पाटी दोघांचीही शेजारी शेजारी लागली असती.

"ती पाटी लावू नका," ती म्हणाली.

"काय सांगू मग लोकांना?"

"मला सांगितलंत ते."

त्याने डोळे मिटले. आईला, पाद्र्याला, सगळ्या कुळांना, ज्यांची पोरं त्याच्यामागून गेली होती त्यांना? ते आपल्याच्याने होणार नाही, असं तो म्हणाला. तो खरं बोलत होता हे तिला कळलं.

"मरणं सोपं पडेल, नाही का," केझिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सगळे रडतील. बँड येईल. आणि माझ्या पोराचं खोटं पितळेत कोरून राहील. मी दर रविवारी त्याच्याकडे बघत बसू?"



तिने चमचा वाडग्यात ठेवला आणि वाडगा त्याच्या मांडीवर. मग त्याचा एक हात उचलून त्याच्या काठाला लावला, दुसरा चमच्यावर ठेवला. हात थंड होते, हाडं मोजावीत असे.

"मी भरवणार नाही," ती म्हणाली. "एकदा भरवलं, पुष्कळ झालं. आता जगायचं तर तुझं तू खा, आणि सांगायचं ते तुझं तू सांग."

त्याला लहानपणीचं 'तू' म्हटलं गेलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेकोटीतला एक ओंडका खाली बसला. मग चमचा हलला. अर्धं दूध वाटेतच सांडलं, सदऱ्यावर, पांघरुणावर. त्याने गिळलं तेव्हा गळ्याची घाटी वर-खाली झालेली दिसली. दुसरा चमचा उचलायला त्याला पहिल्याहून जास्त वेळ लागला. पुसायला तिचे हात शिवशिवत होते; तिने ते एप्रनखाली घालून एकमेकांत अडकवून धरले. त्याला ओकारी आली, ती त्याने परतवली आणि पुन्हा चमचा बुडवला.

"सांगायला जमेल का माहीत नाही," मध्येच तो म्हणाला.

"खा," ती म्हणाली.

वाडगा रिकामा झाला तेव्हा खिडकीबाहेर करडं झालं होतं. तो उशीवर मागे पडला, तोंडाभोवती दूध तसंच. ती वाडगा घेऊन उठली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

जिन्याच्या टप्प्यावर बाईसाहेब होत्या तिथंच उभ्या होत्या. त्यांनी रिकामा वाडगा पाहिला आणि कठड्यावरचा त्यांचा हात जरासा सैल झाला. आयुष्यात पहिल्यांदाच केझियाला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

"घेतलं त्याने?"

"घेतलं, बाईसाहेब."

"मला ठाऊक होतं. तुझ्या हातचंच घेणार. उद्याही ये."

"नाही, बाईसाहेब," केझिया म्हणाली.

त्या घरात हा शब्द तिने याआधी कधी उच्चारला नव्हता. बाईसाहेबांच्या कानांनीही तो धरला नसावा. त्या खोलीच्या दाराकडे वळल्या होत्या, आणि वळता वळता त्यांनी विचारलं की सकाळी गाडी कधी पाठवू.